तिसरीच्या वर्गासाठी छापील संख्याकार्डं: माझा अनुभव

कोपरखैरणेच्या बाजूला मराठी माध्यमाच्या शाळेत मी तिसरीचा वर्ग घेते. चाळीस पोरं. कुणाच्या घरी आगरी, कुणाच्या घरी लमाणी, कुणाचे वडील एपीएमसीत माथाडी आणि घरी साताऱ्याकडची मराठी. जुलै २०२१ मध्ये निपुण भारत हे केंद्राचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान सुरू झालं तेव्हापासून तिसरीअखेर ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता आल्या पाहिजेत, हे काम आमच्या मागे लागलेलं आहे. आणि पोरं 'तीन हजार चारशे छप्पन्न' हे ३०००४००५६ असं लिहितात. कानांनी ऐकलं तसंच लिहिलं, त्यांचं चुकलं तरी कुठे! फळ्यावर कितीही वेळा एकक-दशकाची घरं आखली तरी हे जाईना, म्हणून एकावर एक ठेवायची कार्डं छापून घ्यायचं ठरवलं: ३००० च्या कार्डावर उजवी कड जुळवून ४००, ५० आणि ६ ठेवलं की ३४५६ दिसतं.

आधी तयार काही मिळतंय का ते पाहिलं. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ येऊन पडतच असतात. निम्म्याहून जास्त परदेशी साइटवरून उचललेल्या, कोपऱ्यातलं मूळ नाव अर्धवट पुसलेलं. मला हा प्रकार आवडत नाही. फुकट उतरवून घेता येणं वेगळं आणि पुढे वाटायची मुभा असणं वेगळं. बऱ्याच साहित्यावर 'एका शिक्षकाने आपल्या वर्गापुरतं वापरावं' असं सरळ लिहिलेलं असतं. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असेल तर नाव देऊन वापरता येतं, पण त्यातही 'बदल करू नये' अशी अट असलेला प्रकार असतो, तेवढं वाचून घ्यावं. शिवाय त्या पीडीएफमधल्या कार्डांवर अंक इंग्रजी, आणि आमच्या पुस्तकात देवनागरी. म्हणजे करायचं तर स्वतःच करायला हवं होतं.

कागदाच्या मापाची गोष्ट मात्र परदेशी पीडीएफमुळेच नीट कळली. मापनाची एक कृतिपत्रिका मी वर्गात आधी वापरली होती. तिच्यात आठ सेंटिमीटरची रेघ मोजायची होती. एक मुलगा कंपासपेटीतली पट्टी लावून म्हणाला, "बाई, ही आठ नाही भरत." पट्टी मी स्वतः लावली, तर खरंच पावणेआठच्या आसपास! ती पत्रिका अमेरिकेतल्या लेटर मापाच्या पानावर केलेली. ते पान २१६ बाय २७९ मिलिमीटर, आपलं ए-फोर २१० बाय २९७. रुंदीला सहा मिलिमीटर जास्त असल्यामुळे झेरॉक्सच्या दुकानात 'फिट टू पेज' केलं की सगळं पान आक्रसतं. गोष्टीचं पान असेल तर बिघडत नाही; सेंटिमीटर शिकवायचे असतील तर बिघडतं. तेव्हापासून मी दुकानात 'ॲक्च्युअल साइज' सांगते आणि पानाच्या कोपऱ्यात १० सेंमीची एक रेघ टाकून ठेवते. पहिली प्रत निघाली की काउंटरवरच पट्टी लावायची. झेरॉक्सवाले दादा थोडे वैतागतात, वैतागू देत.

कार्डांचं गणित असं. एका अंकाला अडीच सेंमीचं घर. म्हणजे एककाचं कार्ड २.५, दशकाचं ५, शतकाचं ७.५ आणि हजाराचं १० सेंमी लांब. उंची सगळ्यांची ३. एकेका स्थानाची नऊ, अशी छत्तीस कार्डं म्हणजे एक संच. हजार आणि शतक शेजारी ठेवले की १७.५ सेंमी, नऊ ओळींची उंची २७, म्हणजे एका पानात बसतात. दशक-एकक मिळून साडेसात, म्हणून उरलेल्या पानावर दोन संचांचे मावतात. दोन संचांना तीन पानं, वर्गाच्या आठ गटांना एकेक संच म्हणजे बारा. आमच्याकडे झेरॉक्स पानाला २ रुपये. चाळीस पोरांची एक कृतिपत्रिका ८० रुपयांना पडते आणि संध्याकाळी रद्दीत जाते. कार्डशीट महाग असतं, पण ही बारा पानं वर्षभर पुरतात. कृतिपत्रिकांचे गठ्ठे छापण्याचं कौतुक मला म्हणूनच फारसं वाटत नाही.

आमच्या एका ज्येष्ठ बाईंनी त्यांची जुनी वर्ड फाइलही दिली होती, चित्रं आणि शब्द असलेली, मेहनतीने केलेली. माझ्या लॅपटॉपवर उघडली तर सगळीकडे अगम्य चिन्हं. जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असलं की तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर असंच दिसतं. युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढलं, पण रफार आणि 'दऱ्या', 'सुऱ्या'मधला अर्धा र हाताने तपासावा लागला. मग ल आणि श. पुस्तकात पाकळीचा ल आणि देठाचा श, मराठी वर्णमालेबद्दलच्या २०२२ च्या शासन निर्णयातही तेच, आणि छापून येतात हिंदी वळणाचे. लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखंच फुकट सॉफ्टवेअर) नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट घेऊन मजकुराची भाषा मराठी ठेवली की ते आपोआप मराठी वळणाचे होतात. नुकतं वाचायला लागलेल्या पोराला एकाच अक्षराची दोन रूपं कशाला दाखवायची? फाइल पुढे पाठवताना पीडीएफच पाठवावी, तिच्यात फॉन्ट सोबत जातो.

छपाई लेझरवर केली. इंकजेटची शाई ओल्या हाताने पसरते आणि जुलैत आमच्या वर्गात कोरडा हात शोधून सापडत नाही. रंग वापरलेच नाहीत. काळ्या झेरॉक्समध्ये पिवळा जवळजवळ दिसेनासा होतो. लॅमिनेशनही टाळलं. ती कार्डं एकमेकांवरून घसरतात आणि एकावर एक ठेवण्याची सगळी मजा जाते. जाड कार्डशीट पुरे. कापायला माता-पालक गटातल्या काही जणी बसल्या, त्यांचा हात माझ्यापेक्षा सरळ. कापण्याआधी पानांच्या पाठीवर, प्रत्येक कार्डामागे येईल अशी, संचाची खूण केली: गोल, त्रिकोण, फुली, चांदणी वगैरे. जमिनीवर सगळे संच एकत्र सांडतात, सांडणारच, तेव्हा ही खूण कामाला येते.

वर्गात पहिल्यांदा मी 'चार हजार सात' म्हटलं. पोरांनी ४००० वर उजवी कड जुळवून ७ ठेवला. एका मुलीने ७ उचलून खाली डोकावून पाहिलं, परत ठेवला, परत उचलला. "शून्य गेला नाही बाई, खाली आहे!" मग तिच्या गटाने ३००० वर ४००, त्यावर ५०, त्यावर ६ रचून ते ३०००४००५६ कुठून येतं हे स्वतःच शोधलं. '५० आणि ६' हातात असल्यामुळे छप्पन्नचे पासष्ट होणंही कमी झालं. सगळ्यांना एकदम जमलं असं नाही. काही जण वहीत अजून शून्य जास्त देतात, पण कार्डं पुढे केली की आपणच खोडून नीट लिहितात.

चौथीच्या बाईंनी आता फाइल मागून घेतली आहे. त्यांना पाच अंकी संख्या हव्यात, म्हणजे दहा हजाराचं कार्ड १२.५ सेंमीचं होणार. त्याच्या शेजारी शतकाचं कार्ड ठेवलं तर २० सेंमी होतात आणि प्रिंटर कडेचे काही मिलिमीटर सोडतो, त्यात ते कापलं जाईल. दशकाचं ठेवलं तर १७.५ मध्ये बसतं. तशी मांडणी करून दिली आहे.