लवणासुराचं झाकण

लोणारला आम्ही दीड दिवस होतो. त्यातला ‘धार’ नावाच्या झऱ्यावरचा अर्धा तास अजून मनातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले.

बरोबर भाचा होता, अकरावीतला. विवराची माहिती तो पाठ करूनच आला होता: उल्का आदळून बेसॉल्ट खडकात झालेला खड्डा, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. सकाळी काठावर घेतलेला वाटाड्या मात्र दर दहा पावलांवर "इथून फोटो छान येतो" एवढंच सांगत होता. लवणासुराचं विचारलं तर म्हणाला, "ते जुन्या लोकांचं काहीतरी, मॅडम." मला रागच आला. ज्या गावात त्या असुराला मारणाऱ्या दैत्यसूदन विष्णूचं इतकं देखणं मंदिर उभं आहे, तिथं त्याची गोष्ट सांगायला दोन मिनिटं नसावीत? ठरलेले पैसे हातावर ठेवले आणि त्याला निरोप दिला.

मग धारेवर गेलो. गोमुखातून गोड्या पाण्याची धार पडते, आणि खाली तळ्याचं पाणी इतकं खारं की पिण्याची सोय नाही. पायऱ्यांवर एक म्हातारी डबा उघडून भाकरी खात बसली होती. मी म्हटलं, "मावशी, लवणासुराची गोष्ट ठाऊक आहे का हो?" तिनं घास संपवला, हात धुतला आणि डब्याचं झाकण पायरीवर उपडं ठेवलं.

"हे असं बसेल होतं. खाली त्यो लवणासुर. कोनाला घावत नव्हता. मंग देव देखना पोरगा होऊन आला, अन् त्याच्या दोन बहिनींनीच ठिकाना सांगितला. देवानं नुसता पायाचा अंगठा लावला..."

तिनं खरोखरच अंगठ्यानं झाकण उडवलं. ते खणखणत चार पायऱ्या खाली गेलं. भाचा धावत जाऊन घेऊन आला आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला, "आजी, मग खरं झाकण पडलं कुठं?"

"तिकडं, लई लांब. टेकडी हाय त्याची." हात नैर्ऋत्येकडे. "पानी हाय ते त्याचं रगत, अन् खार म्हंजी त्याचं मांस. त्या साली रगत वर आलतं का नाही?"

ती २०२० च्या जूनबद्दल बोलत होती. तेव्हा तळं खरंच गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचं दिसलं. भाच्यानं हे तिला नीट समजावून सांगितलं. तिनंही नीट ऐकून घेतलं. "म्हंजी जित्तं हाय ते," म्हणाली आणि झाकण पुसून डब्याला लावलं.

आम्ही खाली उतरायला लागलो. उतार निसरडा, काट्याकुट्यांचा, आणि वाटेत टाकलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या पाहून जीव तुटत होता. माझे गुडघे कुरकुरत होते, त्यामुळे मी दर वळणावर थांबत होते. अशाच एका थांब्यावर भाच्यानं वर बोट दाखवलं. काठाजवळचे खडकाचे थर आडवे नव्हते, बाहेरच्या बाजूला कललेले होते. दख्खनच्या पठारावर असे थर एरवी पायऱ्यांसारखे सपाट असतात. इथं उल्केच्या आघातानं आतून धक्का बसून ते उचलले गेले. काठ आसपासच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच आहे आणि उडालेला दगडचुरा बाहेर दूरवर पसरलेला आहे.

म्हणजे इथून काहीतरी उडालं, हे या गावच्या माणसांनी कधीच ओळखलं होतं! एवढा खड्डा आहे तर त्यातला दगड गेला कुठं, पाणी खारं का, लाल का, हे सगळे प्रश्न कुणीतरी याच काठावर उभं राहून स्वतःला विचारलेले आहेत. १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं विवराची नोंद केली, त्यानंतरही कितीतरी वर्षं अभ्यासक याला ज्वालामुखीचं तोंड समजत होते. १९७३ मध्ये इथल्या खडकात आघातानं तयार होणारी मास्केलिनाइट नावाची काच दाखवली गेली, तेव्हा उल्केचं पारडं जड झालं. वयाचा हिशोब तर अजून हलतोच आहे: आधी ५० हजार वर्षं म्हणत, पुढं खडकात साठलेल्या आर्गॉन वायूच्या मोजणीनं ५ लाख ७० हजारांच्या आसपास आकडा आला. अशा जागेच्या गोष्टीला "जुन्या लोकांचं काहीतरी" म्हणून उडवून लावलेलं मला सहन होत नाही.

खाली कमळजादेवीचं दर्शन घेतलं. तळ्याकाठचा खार चपलांना पांढरा चिकटला. वर येताना माझी दमछाक झाली, संध्याकाळ झोपण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये भाचा खिडकीपाशी बसला. मंठ्याच्या अलीकडे त्यानं मला कोपरानं ढोसलं. शेतांपलीकडे सपाट माथ्याची एक टेकडी होती.

"आत्या, ही असेल?"

मी वाकून पाहिलं. "छे, फार लहान आहे. १.८ किलोमीटर रुंद हवी."

तो पुन्हा बाहेर बघायला लागला. मीही.