वॉलपेपर निघाला पण खळ निघेना, माझा अनुभव

आमचं घर विक्रोळीला, कन्नमवार नगरात. बेडरूमच्या एका भिंतीला सात वर्षांपूर्वी वॉलपेपर लावून घेतला होता, दिसायचा छान, पण दर पावसाळ्यात खालून ओल धरायची आणि कडा सुटायच्या. या वर्षी गणपती झाल्यावर ठरवलं की दिवाळीआधी हा काढायचा आणि सरळ रंग लावायचा.

वरचा प्लास्टिकसारखा थर तासाभरात निघाला. मागचा पांढरा कागद मात्र भिंतीलाच राहिला आणि कागद खरवडला तर खाली पिवळट चिकट थर. रंगारी म्हणाला, "मॅडम, टेन्शन मत लो, ऊपर से प्राइमर मार देते हैं." आम्हीही हो म्हटलं कारण दिवाळी तोंडावर आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर खिडकीजवळचा सगळा प्राइमर दुधावरची साय सुरकुतते तसा सुरकुतलेला. नखाने उचलला तर पापुद्रा आख्खा हातात आला आणि त्याची मागची बाजू गोंदाने चकचकीत. वॉटर बेस प्राइमरमधल्या पाण्याने खालचा गोंद परत भिजून फुगतो आणि सुकताना आकसतो, मग वरचं सगळं ओढून घेतो. हे आधी कळलं असतं तर एक दिवसाची मजुरी वाचली असती.

माझे सासरे तरुणपणी परळला मंडळाची पोस्टरं चिकटवायचे, कणकेची खळ करून. ते भिंतीवरून हात फिरवून म्हणाले, "अगं ही खळच आहे. गरम पाण्याने भिजव आणि थांब. घाई केलीस तर भिंत निघेल, खळ नाही निघणार." म्हटलं बाबा, खात्री करूया. घरात बीटाडीन होतं ते पाण्यात थोडं पातळ करून कापसाने भिंतीला लावलं, शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकायचो ना, तसंच, आणि डाग निळा-काळा झाला. म्हणजे स्टार्च. पण रंग नाही बदलला म्हणजे गोंद नाही असं समजू नका, काही वॉलपेपरचा गोंद सेल्युलोजचा असतो, तो असा ओळखू येत नाही, तिथे ओलं बोट फिरवून बुळबुळीत लागतंय का तेच बघायचं.

मग कामाला लागलो. आधी त्या खोलीचा एमसीबी पाडला कारण स्विचबोर्डच्या आजूबाजूला पाणी लागणार होतं, त्यामुळे पंखाही बंद, आणि तेही बरंच झालं कारण वाऱ्याने भिंत लगेच सुकते. एक लिटर कडकडीत पाण्यात वाटीभर व्हिनेगर आणि भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब, ते स्पंजने थोड्या थोड्या भागावर लावायचं, साधारण दोन फूट बाय दोन फूट, त्यावर जुन्या चादरीचा ओला तुकडा चिकटवायचा आणि दहा-बारा मिनिटं अजिबात हात लावायचा नाही. नंतर रुंद पात्याची पट्टी आडवी धरून सरकवली की गोंद साबुदाण्याच्या खिरीसारखा मऊ होऊन पात्यावर गोळा होतो. पहिला गोळा निघाला तेव्हा इतकं बरं वाटलं! पट्टी उभी धरू नका, आमच्या भिंतीला पीओपी आहे आणि एका ठिकाणी मी जास्त वेळ भिजत ठेवलं तर तिथे रुपयाएवढा खड्डा पडला. जुना डिस्टेंपरही बराच गोंदाबरोबर निघाला, तो तसाही भुसभुशीत झाला होता, राहिला असता तर त्यावरचा रंग टिकला नसता.

खाली फरशीवर गोणपाट टाका हे मात्र कळकळीने सांगते. गोंदाचं पाणी फरशीवर सांडलं की भयंकर निसरडं होतं, आई चहा घेऊन आल्या आणि त्यांचा पाय सटकलाच, माझा हात धरला म्हणून वाचल्या.

सगळ्यात चिवट निघाले कोपरे. सुटलेल्या कडा मीच मधे पावसाळ्यात सुतार वापरतात त्या पांढऱ्या गोंदाने चिकटवल्या होत्या. तो पाण्यात विरघळतच नाही, पण गरम व्हिनेगरचं फडकं दाबून धरलं की पांढरा पडून रबरासारखा होतो आणि मग सोलून काढता येतो. एका कोपऱ्याला पाऊण तास.

दहा बाय दहाची भिंत, तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी साध्या पाण्याने दोनदा पुसलं, बादलीतलं पाणी सारखं बदलत, नाहीतर तोच गोंद परत भिंतीवर पसरतो. अंधार करून मोबाईलचा टॉर्च भिंतीला लागून आडवा धरला की राहिलेला गोंद चमकतो, असे सात-आठ ठिपके सापडले, ते परत भिजवले. ऑक्टोबरचं ऊन कडक असल्यामुळे खिडक्या उघड्या टाकून तीन दिवसांत भिंत सुकली, मग मास्क लावून १८० नंबरचा पॉलिश पेपर मारला.

रंगाऱ्याला सांगितलं आधी फक्त फूटभर जागेवर प्राइमर लाव आणि रात्रभर राहू दे. कपाटामागे एक पट्टा पूर्ण साफ झाला नव्हता, तिथे त्याने ऑइल प्राइमर सुचवला, त्यात पाणी नसतं म्हणून खालचा गोंद भिजत नाही, ते मला पटलं. सकाळी उठून आधी त्या फूटभर तुकड्यावर नख मारलं. पापुद्रा नाही, सुरकुती नाही. बाबांनीही येऊन नख मारून बघितलं आणि नऊ वाजता पुट्टीचं काम सुरू झालं.