गच्चीवरची कोजागिरी

काल सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरी झाली आणि यंदा आश्विनीचं औक्षण सगळ्यांचं एकत्रच केलं, म्हणजे आईवडिलांचं जे पहिलं अपत्य ते पाटावर बसणार, मग वय काहीही असो. त्यामुळे पहिलीतला एक पोरगा आणि ऐंशी पार केलेल्या आजी शेजारी शेजारी! आजींना ओवाळणारं घरात आता कोणी नाही, मग बच्चेकंपनीच निरांजन घेऊन पुढे, ताट डुगडुगतंय आणि आजीच खालून हात लावून सावरतायत. किती हसत होत्या!! नंतर मसाला दुधात जायफळ किती यावर आजोबा लोकांचा क्लास, पोरं आळीपाळीने किसणीवर. खरंच दरवर्षी व्हायलाच हवं हे. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही म्हणून बी विंगचे काका आले नाहीत, पुढच्या वेळी त्यांना खुर्चीत बसवून वर आणूया, कोण कोण येतंय मदतीला?