आमची वाटचाल : पत्र्याच्या तुकड्यापासून पिकअपच्या सायलेन्सरपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी वेल्डिंगचे दुकान टाकले, तेव्हा सायलेन्सर हा आमचा विषय नव्हता. ट्रॉल्या, अवजारे, गेट-ग्रिल अशी मिळतील ती कामे चालत. पुढे डिझेल पिकअप गाड्या गावोगावी वाढल्या आणि फुटलेल्या सायलेन्सरला पत्र्याचा तुकडा लावून घेण्यासाठी चालक दारात थांबू लागले. तो तुकडा कसाबसा एक हंगाम काढत असे आणि मग वेल्डिंगच्या कडेने पुन्हा उघडत असे. तीच गाडी वारंवार दुरुस्तीला येते, त्यापेक्षा नवा सायलेन्सरच करून द्यावा, या विचारातून आजचा व्यवसाय उभा राहिला.

नवा माल घडवण्याआधी आम्ही जुने सायलेन्सर कापून पाहू लागलो, आणि या व्यवसायातील आमचे बहुतेक शिक्षण तिथेच झाले. शहरातल्या शहरात दूध-भाजी पोहोचवणाऱ्या गाडीचा सायलेन्सर बाहेरून ठीक दिसतो, पण आतून तळाशी गंजलेला असतो. एक लिटर डिझेल जळले की जवळपास लिटरभर पाण्याची वाफ तयार होते. लांब पल्ल्याच्या गाडीत ती धुराबरोबर निघून जाते, परंतु छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापतच नाही आणि आम्लयुक्त पाणी तळाशी साचून राहते. याउलट रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून आंबा घाटाने वर येणाऱ्या गाडीत बर्फाचे खारे पाणी हौद्यातून थेट सायलेन्सरवर ठिबकते, आणि तिथे टांगणीच्या पट्टीजवळचा पत्रा बाहेरून आधी खाल्ला जातो. त्यामुळे आमच्याकडे आलेल्या ग्राहकाला पहिला प्रश्न गाडीच्या मॉडेलचा नसतो. गाडी कुठे फिरते आणि काय वाहते, हे आम्ही आधी विचारतो.

धातूची निवड त्या उत्तरावर ठरते. साधा लोखंडी पत्रा स्वस्त पडतो, पण घाटाखालच्या गाड्यांसाठी तो आम्ही देत नाही. सुमारे 11 टक्के क्रोमियम असलेले 409 प्रतीचे स्टेनलेस स्टील वरून तांबूस होते, तरी पत्रा लवकर भेदला जात नाही आणि देशावरच्या बहुतेक गाड्यांना ते पुरेसे ठरते. मासळीच्या गाडीला मात्र 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेलचे 304 घ्यावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. इथे खरेदीदाराने थोडे सावध असावे. लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे पत्रा 304 चा, असे बाजारात सर्रास सांगितले जाते. पण कमी निकेलच्या 202 ला देखील चुंबक चिकटत नाही, आणि 409 ला तो चिकटतो म्हणून ते बनावट ठरत नाही. म्हणून आम्ही चुंबक दाखवत नाही, पत्र्याचे चाचणीपत्र दाखवतो.

आवाजाबाबत ग्राहकांच्या दोन टोकाच्या अपेक्षा असतात. तरुण मालकांना गाडी गुरगुरायला हवी असते आणि त्यांच्यासाठी जाळीचा सरळ पाईप व भोवती ग्लास वूल (काचेच्या तंतूंची लोकर) असा प्रकार बाजारात मिळतो. बाकीच्यांना केबिनमध्ये बोललेले ऐकू यावे, एवढेच हवे असते. आम्ही कप्प्यांचा, म्हणजे आत बॅफल (आडव्या भिंती) लावलेला प्रकारच करतो. ध्वनिलहर कप्प्यांच्या भिंतींवर आदळून परतते आणि येणाऱ्या लहरीला बऱ्याच अंशी मारते. पण कप्पे अरुंद केले की धुराला मागे दाब बसतो आणि भरलेली गाडी चढावर ओढत नाही. म्हणून आतला पाईप मूळ मापापेक्षा बारीक करायचा नाही आणि जागा असेल तेवढा डबा मोठा ठेवायचा, हा आमचा नियम आहे. डबा स्टेपनीला आणि ब्रेकच्या नळ्यांना तापवणार नाही, एवढे अंतर मात्र राखावेच लागते.

मोठ्या आवाजाचे काम आम्ही घेत नाही, याचे कारण केवळ सभ्यता नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 120 वा नियम सायलेन्सर सक्तीचा करतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर आवाज व प्रदूषणाची मानके मोडल्यास 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जप्त केलेल्या बुलेटच्या सायलेन्सरवर पोलीस रोडरोलर फिरवतात, ते दृश्य राज्यातल्या अनेक शहरांनी पाहिले आहे.

एप्रिल 2020 पासून बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाची भारत स्टेज-6 मानके पाळणाऱ्या) गाड्या आल्या आणि आमच्या कामाची हद्द बदलली. धुरातील काजळी अडवणारा फिल्टर, त्याच्या अलीकडे-पलीकडे दाब मोजणारा सेन्सर आणि उष्णतेचे सेन्सर, एवढा पसारा सायलेन्सरच्या आधी बसलेला असतो. ‘जाळी काढून सरळ पाईप टाका, ॲव्हरेज वाढेल’, म्हणजे हा फिल्टरच काढा, अशी मागणी आजही होते. ती आम्ही नाकारतो, कारण सेन्सरचा ताळमेळ गेला की डॅशबोर्डवर दिवा लागतो, इंजिन स्वतःहून ताकद कमी करते आणि कायदाही मोडतो. या गाड्यांत आम्ही फिल्टरनंतरचा भागच बदलतो. फिल्टरमधली काजळी जाळली जाते तेव्हा धूर नेहमीपेक्षा बराच तापतो, म्हणून इथे जाड पत्रा आणि आर्गन वेल्डिंगच वापरतो.

सध्या आंब्याच्या हंगामाआधीचे काम जोरात आहे. हापूस वाहणाऱ्या गाड्यांना मार्च उजाडायच्या आत सायलेन्सर लागतो, आणि तोपर्यंत बाकीच्या ग्राहकांना आम्ही थोडे थांबण्याची विनंती करतो.