व्ही-क्रॉसला लिफ्ट किट निवडताना: आधी वजन, मग उंची

गाडीला लिफ्ट किट (गाडी उंच करणारे स्प्रिंग वगैरे भाग) बसवलंय म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, किती इंच?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात. हौद्यात, म्हणजे पिकअपच्या मागच्या उघड्या भागात, रोज किती किलो असतं, आणि गाडी खाली टेकते ती नेमकी कुठे. ही दोन उत्तरं हातात असली की किट जवळजवळ आपोआप ठरतं.

माझी गाडी २०१८ ची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, फोर बाय फोर, घेतली तीही दुसऱ्या हाताची. आमचा मधमाशीपालनाचा व्यवसाय आहे. सातेरी मधमाश्यांच्या पेट्या जावळी आणि महाबळेश्वरच्या डोंगरात वेगवेगळ्या टोकांना ठेवलेल्या असतात. हिरडा, जांभूळ फुलतं तिथे त्या न्यायच्या आणि पावसाचा जोर वाढायच्या आत पूर्वेकडे उतरवायच्या. मोठं स्थलांतर टेम्पोनेच होतं. पण टेम्पो डांबरी रस्त्यावर थांबतो, आणि तिथून सड्यावर (कातळाच्या पठारावर) किंवा राईच्या कडेला दहा-बारा पेट्या पोचवायचं काम या गाडीचं.

पेट्यांची वाहतूक रात्री होते, दार बंद करून. चौकटी गाडीच्या लांबीला समांतर ठेवतो, म्हणजे ब्रेक लागला तरी पोळी एकमेकांवर आपटत नाहीत. त्याने पुढे-मागे बसणारा हिसका सावरतो. खालून वर येणारा दणका मात्र कशानेच सावरत नाही. उन्हाळ्यात मधाने भरलेलं पोळं मऊ झालेलं असतं. एक जोरदार उसळी बसली की ते चौकटीतून सुटतं, मध खाली सांडतो, माश्या त्यात बुडतात आणि राणी त्यात अडकली तर वसाहतच संपते. म्हणून सस्पेन्शन हा माझ्यासाठी दिसण्याचा विषय नाही, जिवंत मालाचा आहे.

रिकामी पिकअप मागून किती उडते ते ज्याने चालवली त्याला सांगायला नको. मागचे पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) वजनासाठी बनवलेले असतात, वजन नसलं की ते वाकतच नाहीत. पेट्या भरल्या की थोडं बरं, पण वीसेक किलोची एक पेटी धरली तरी हौद्यातलं वजन अडीचशेच्या वर जात नाही, आणि परतीला हौदा रिकामाच असतो. किट निवडताना हीच माहिती सगळ्यात मोलाची ठरली.

कोल्हापूरला उद्यमनगरात पाट्यांचं काम करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेले होते. मी उंचीचं विचारायला लागले, तर ते म्हणाले, "ताई, उंचीचं मागनं बगू. हौद्यात काय असतंय आनि किती असतंय ते सांगा आदी." मग त्यांनी मला मापं घ्यायला लावली. जमिनीपासून नव्हे, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं की टायरमधली हवा कमी-जास्त असली तरी आकडा बदलतो, चाकाच्या मध्यापासून मोजलं की फक्त स्प्रिंग बोलते. चारही चाकांना, आधी रिकामी गाडी, मग पेट्या भरून. माझी गाडी भरल्यावर मागून साधारण चाळीस मिमी बसत होती, पुढे जवळजवळ काहीच फरक नाही. उजवी बाजू डावीपेक्षा किंचित खाली होती. जुन्या गाडीत, त्यातून ड्रायव्हरच्या बाजूला, असं होतं. हे आकडे लिहून ठेवा. किट बसवल्यावर कोण किती खरं बोललं ते यावरूनच कळतं.

दुसरं काम म्हणजे गाडीखाली आडवं होऊन मोबाइलच्या उजेडात ओरखडे बघणं. कुठलंही किट बघायच्या आधी हे कराच. माझ्या गाडीला पायदानांच्या खालच्या कडेला जांभ्या दगडाची तांबूस पूड घासून बसली होती. मधला आडवा सांगाडा खरवडलेला होता आणि मागे लटकवलेल्या स्टेपनीच्या टायरला चिरा होत्या. मागच्या डिफरेन्शियलच्या (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) गोळ्याला मात्र जवळजवळ काही नव्हतं.

याचा अर्थ मोठा आहे. मागचा एक्सेल अखंड असतो आणि तो थेट चाकांवर उभा असतो. स्प्रिंग कितीही उंच करा, चासी वर जाईल, पण एक्सेल आणि त्याच्या मधला गोळा जिथे होता तिथेच राहणार. तो वर न्यायचा तर टायरच मोठा हवा, आणि टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्माच फायदा खाली मिळतो. माझ्या गाडीवरच्या २५५/६०-१८ (रुंदी मिमीत, कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) टायरचा व्यास सुमारे ७६३ मिमी. २६५/६०-१८ घातला तर ७७५. म्हणजे गोळ्याखाली फक्त सहा मिमी मिळाले. २६५/६५-१८ घातला तर साधारण एकोणीस मिमी मिळतात, पण मग स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कुठे घासतो ते बघावं लागतं, आणि स्पीडोमीटर पाच टक्के मागे पडतो. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा ज्यांच्या गोळ्याला लागतो त्यांनी लिफ्ट किटवर पैसे घालण्याआधी याचा विचार करावा. माझं दुखणं वेगळं होतं. पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटरच्या वर अंतर असलेली लांब गाडी उंचवट्यावरून जाताना पोटावर टेकते. चासी वर उचलणं हाच त्यावरचा इलाज.

आता उचलायची कशी. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. स्वस्त उपाय पुढे स्पेसर (मध्ये घालायची जाड चकती) आणि मागे ठोकळा किंवा लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी). शॉकअपच्या डोक्यावर पंचवीस मिमीचा स्पेसर घातला की गाडी पुढून जवळजवळ दुप्पट उचलली जाते, कारण शॉकअप खालच्या आर्मच्या मध्याजवळ बसलेला असतो, चाकाशी नाही. दिसायला छान. पण त्याने चाक खाली लोंबतं तेव्हाची मर्यादाही वाढते, आणि तिथे ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट आणि वरचा बॉल जॉइंट न सोसणाऱ्या कोनात जातात. मागे एक्सेल आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळा घातला की चढावर जोर लावताना पाटे पिळले जातात. लांब शॅकल पन्नास मिमीने वाढवला तर उंची पंचवीसच मिळते. शिवाय स्प्रिंग आणि शॉकअप जुनेच राहतात, म्हणजे दणका तसाच, फक्त जरा वरून. मला यातलं काहीच नको होतं. स्प्रिंग, पाटे, शॉकअप एकमेकांशी जुळवलेला पूर्ण संच घ्यायचा, नाहीतर काहीच करायचं नाही, असं मी ठरवलं.

असे संच बहुतेक ऑस्ट्रेलियाचे: ओल्ड मॅन ईमू, आयर्नमॅन, डॉबिन्सन्स. तिकडे डी-मॅक्स रस्तोरस्ती दिसते, त्यामुळे पर्याय भरपूर. पण दोन गोष्टी जपायच्या. जगात डी-मॅक्सची नवी पिढी २०१९ च्या शेवटी आली. आपल्याकडची व्ही-क्रॉस मात्र आधीच्या, २०१२ पासूनच्या पिढीची आहे. कॅटलॉगमध्ये नुसतं डी-मॅक्स बघून मागवलं तर बसणार नाही. २०१२ ते २०२० असं लिहिलेलंच घ्या आणि विक्रेत्याला आरसीवरचा चासी नंबर द्या.

दुसरी गोष्ट वजनाच्या ग्रेडची. पुढच्या स्प्रिंगचे ग्रेड तिकडे बुलबार (बंपरपुढचा लोखंडी गार्ड) आणि विंच (गाडी ओढून काढायचं यंत्र) धरून असतात. आपल्याकडे बुलबारवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी आणली. माझ्या गाडीच्या तोंडावर जास्तीचं एक किलोही नाही. बुलबारसाठीची स्प्रिंग घातली असती तर गाडी पुढून ठरल्यापेक्षा जास्त उचलली गेली असती आणि लाकडासारखी चालली असती. मागच्या पाट्यांचंही तसंच. एक संच रिकाम्या ते हलक्या वजनासाठी, एक कायम तीनशे किलोच्या आसपास असणाऱ्यांसाठी, त्याहून जडही मिळतो. विक्रेता जड संच घ्या म्हणत होता, "पुढेमागे वजन वाढलं तर?" वजन वाढणार नाही. आरसीवर जेवढं लिहिलंय तेवढंच भरायचं, किटने त्यात एका किलोचीही भर पडत नाही. मी दोन्हीकडे सगळ्यात हलका ग्रेड घेतला. उंची पुढे चाळीस, मागे तीस मिमी मिळते म्हणाले. पुढे थोडी जास्त हेच बरं, कारण पिकअप मुळात मागून उंच असते.

शॉकअपवर मात्र हात आखडता घेतला नाही. उंची स्प्रिंग देते, पण उसळी मारणारं चाक परत जमिनीला आणण्याचं काम शॉकअपचं, आणि माझी पोळी वाचणार ती तिथेच. मोनोट्यूब (एकच नळी) की ट्विनट्यूब (नळीत नळी) यावर खूप वाद घालतात लोक. मोनोट्यूब गरम कमी होतो, लांबच लांब खडबडीत रस्त्यावर वेगाने जाणाऱ्याला तो चांगला. पण त्याची बाहेरची भिंत म्हणजेच आतल्या पिस्टनचा सिलिंडर. दगड लागून पोचा पडला की शॉकअप गेला. ट्विनट्यूबच्या बाहेरच्या नळीला पोचा पडला तरी आतली नळी शाबूत राहते. माझा वेग ताशी दहा-पंधरा, आणि सड्यावर चाकाखालून दगड उडणं रोजचं. मी ट्विनट्यूब, गॅस भरलेला घेतला.

चाळीस मिमीवरच थांबायचं कारणही आहे. पन्नासच्या पुढे गेलं की वरचे आर्म बदला, पुढचं डिफरेन्शियल खाली घ्यायचे ठोकळे घाला, असं एकातून एक काम निघत जातं. या गाडीत मागचा शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, मध्ये बेअरिंग. मागची बाजू जास्त उचलली की त्याचा कोन बिघडतो आणि गाडी वेग घेताना खालून थरथर येते. तीस मिमीला मला ती आली नाही.

कायद्याचं स्पष्टच लिहिते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे ठामपणे सांगितलंय. परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२-अ खाली दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आधी आरटीओत जाऊन विचारा, विमा कंपनीला बिल जोडून लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. अपघातानंतर सर्व्हेअरने गाडीखाली वाकून विचारण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. चार-सहा इंच उचललेल्या गाड्या मला रस्त्यावर आवडत नाहीत. समोरून येणाऱ्या लहान गाडीच्या काचेच्या उंचीला आपला बंपर येत असेल तर ती गाडी रस्त्यावर आणूच नये.

बसवताना समोर उभं राहा. एक गोष्ट मी मिस्त्रींकडून शिकले ती सगळ्यांना सांगते. आर्मचे आणि पाट्यांचे रबरी बुश असलेले बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. तेव्हा चाक लोंबलेलं असतं. त्या अवस्थेत आवळलं की गाडी खाली उतरवल्याबरोबर बुश पिळला जातो आणि कायम पिळलेलाच राहतो, काही महिन्यांत फाटतो. बोल्ट नुसते लावून घ्यायचे, गाडी चाकांवर उतरवायची, चार वेळा दाबून हलवायची आणि मगच शेवटचा पाना. आमच्या मिस्त्रींनी पोराला पिटात उतरवलं, मला हौद्यात उभं केलं, आणि मी वर-खाली उड्या मारून झाल्यावर "हं, आता आवळ" म्हणाले. पाटे एक्सेलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घालायचे, जुने ताणलेले असतात. पाचशे किलोमीटरनंतर परत येऊन ते पुन्हा आवळून घ्यायचे. ब्रेकचे होज आणि एबीएसची वायर चाक पूर्ण लोंबवून ताणत नाहीत ना ते बघायचं.

मग त्याच दिवशी अलाइनमेंट, आणि तीही फक्त टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती ते) बघून सोडून देणाऱ्याकडे नको. उचलल्यावर कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकाव, कमी होतो. तो जागेवर आणला नाही तर हायवेला स्टेअरिंग हलकं लागतं आणि गाडी सरळ राहत नाही. कागदावर आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा. हेडलाइटही खाली घ्यायचे, आणि ते हौदा भरून. रिकाम्या गाडीवर लावलेला झोत पेट्या चढल्यावर समोरच्याच्या डोळ्यात जातो.

मापं परत घेतली तेव्हा पुढे बेचाळीस, मागे एकतीस मिमी निघाली. पहिल्या काही महिन्यांत पाटे थोडे बसतील असं मिस्त्रींनी आधीच सांगितलं होतं, आणि मागे पाचेक मिमी बसलेही. जोडणी धरून खर्च लाखाच्या वर गेला, आमच्यासारख्यांना तो मोठाच आहे. पायदानं आता सड्यावर टेकत नाहीत. रात्री पेट्या उतरवून सकाळी दार उघडलं की सुटलेलं पोळं क्वचितच दिसतं, आणि रिकाम्या परतीतली ती मागची उसळी निम्म्याहून कमी झाली आहे. टायर अजून मूळ मापाचेच आहेत. ते झिजले की माप तेच ठेवून जाड कडेचे एटी (ऑल-टेरेन) टायर घेणार, कारण गोळ्याला ओरखडा अजूनही नाही.