फ्लास्क कशानं धुतलास?

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, हे सांगायला मैत्रिणीचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. दुधाचा टँकर नुकताच आत आला होता. माझ्यासमोरच्या फ्लास्कमध्ये नऊ मिली दूध होतं. उजव्या हातानं मी तो फ्लास्क गोल गोल फिरवत होते आणि डावा हात ब्युरेटच्या, म्हणजे थेंब थेंब सोडणाऱ्या मापाच्या उभ्या नळीच्या, तोटीवर होता. फोन टेबलावर वाजून वाजून थांबला. रीडिंग लिहून झाल्यावर मीच उलटा फोन केला. "काहीही लिही गं, शिक्षकांबद्दल लिही," ती म्हणाली. मला लिहायचंय ते केमिस्ट्रीच्या बाईंबद्दल आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या प्रयोगशाळेबद्दल.

मी १९९२ सालच्या बारावीच्या बॅचची. आम्ही पुण्यात कसब्यात राहायचो, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर. तांब्यावरचे ठोके ऐकतच आम्ही शाळेची तयारी करायचो. आजी दर शुक्रवारी देवाची भांडी चिंचेनं घासायची आणि काळी पडलेली घागर बघता बघता लख्ख व्हायची. यात रसायनशास्त्र आहे हे मला आठवीत कळलं. बाईंनी आम्हाला घरून जास्वंदीची फुलं, हळद, लिंबू, चुना आणि धुण्याचा सोडा आणायला सांगितलं होतं. जास्वंदीचं पाणी लिंबानं गडद गुलाबी झालं आणि सोड्यानं हिरवं. हळदीच्या कागदाला चुन्याचं पाणी लागताच तो कुंकवासारखा लाल झाला आणि वर लिंबू पिळल्यावर पुन्हा पिवळा. साडीवरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे आमच्यातल्या प्रत्येकीनं घरी पाहिलेलं होतं. त्याचं कारण विचारावं, हे मात्र एकीलाही सुचलं नव्हतं. लिटमस लायकेनपासून काढतात आणि आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल हेही एक लायकेनच, हे बाईंनी सांगितलं तेव्हा मी घरी जाऊन मसाल्याचा डबा उघडून बसले होते.

दहावीपर्यंत आमचं सगळं मराठीतून. आम्ल, आम्लारी, दर्शक, उदासिनीकरण, आणि पीएचला, म्हणजे आम्लतेच्या मोजपट्टीवरच्या आकड्याला (सात उदासीन, खाली आम्ल, वर आम्लारी), सामू. अकरावीला सायन्स घेतलं आणि एका जूनमध्ये हे सगळे शब्द बदलले. वर्गात निम्म्या मुली पहिले दोन महिने गप्प होत्या, त्यात मी होते. बाई इंग्रजी व्याख्या फळ्यावर लिहायच्या आणि समजावून मराठीत सांगायच्या. त्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. सामू हा शब्द मला आजही आवडतो. पुरंदर तालुक्यातले माझे काका माती परीक्षणाचा कागद घेऊन येतात आणि "यंदा सामू साडेआठ आलाय, काय करू?" असं विचारतात. त्यांच्या तोंडी तो शब्द इतका सहज येतो की तो पुस्तकी आहे असं कुणी म्हणू नये.

आता प्रयोगशाळेकडे येते. काळ्या दगडी ओट्यांच्या दोन रांगा, मधून जाणारं लाकडी फडताळ, त्यावर बाटल्या. आम्लाच्या ब्युरेटला काचेची तोटी आणि कॉस्टिकच्या ब्युरेटला रबरी नळी आणि चिमटा. कॉस्टिक सोडा हा तीव्र आम्लारी काचेला धरतो, तोटी जाम होऊन बसते, म्हणून ही सोय. काचेच्या तोट्यांना प्रयोगशाळेतले मामा दर सोमवारी व्हॅसलीन लावायचे. बोटावर जेमतेम दिसेल एवढंच, कारण जास्त झालं तर तोटीचं भोक बुजतं. मामांचं शिक्षण किती झालं होतं मला ठाऊक नाही. पण ब्युरेटच्या टोकाशी हवेचा बुडबुडा अडकलाय हे त्यांना चार ओट्यांवरून दिसायचं. "पोरी, बुडबुडा काढ आधी. तो मधेच सुटला तर तेवढं पाणी तुझ्या हिशेबात फुकट धरलं जाईल," असं ते सांगायचे.

पिपेट, म्हणजे ठरावीक माप उचलायची काचेची नळी, आम्ही तोंडानं ओढायचो. आज माझ्या प्रयोगशाळेत मी कुणाला तसं करू देत नाही, रबरी फुगा वापरायलाच लावते. कारण तेव्हा माझ्या शेजारच्या मुलीच्या तोंडात कॉस्टिक गेलं होतं. पातळ होतं म्हणून निभावलं. ती नळाखाली कितीतरी वेळ चुळा भरत होती आणि "साबण खाल्ल्यासारखं बुळबुळीत लागतंय" म्हणून रडत होती.

एन बाय टेन, म्हणजे डेसिनॉर्मल (नॉर्मल द्रावणाच्या एक दशांश ताकदीचं), ऑक्झॅलिक आम्ल आम्ही स्वतः करायचो. शंभर मिलीला ०.६३ ग्रॅम. कॉस्टिक मात्र असं तोलून चालत नाही, कारण ते हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. म्हणजे तराजूवर जे दिसतं ते सगळं कॉस्टिक नसतं. म्हणून त्याची खरी ताकद ऑक्झॅलिकशी ताडून काढायची. दहा मिली ऑक्झॅलिक फ्लास्कमध्ये, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन (आम्लात रंगहीन आणि आम्लारीत गुलाबी होणारा दर्शक), खाली पांढरी फरशी, ब्युरेटमध्ये कॉस्टिक; गुलाबी झालं की थांबायचं. आधी एक पायलट रीडिंग, मग तीन नीट, आणि जुळलं की तो सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग.

त्या दिवशी माझं जुळेना. पहिलं आलं १०.०, दुसरं १०.३, तिसरं १०.४. शेजारच्या दोघींची तिन्ही रीडिंग १०.० होती. मैत्रीण कानात म्हणाली, "दहा लिहून टाक, बेल होईल." मी जर्नलमध्ये तिन्ही आकडे होते तसेच लिहिले. त्यात धैर्य वगैरे काही नव्हतं. मला फक्त कळत नव्हतं की एवढी काळजी घेऊनही असं का होतंय. बाई आल्या, त्यांनी जर्नल पाहिलं, रागावल्या नाहीत. एकच प्रश्न विचारला.

"फ्लास्क कशानं धुतलास?"

मी सांगितलं की पहिल्यांदा पाण्यानं धुतला होता. मग वाटलं, ब्युरेट कॉस्टिकनं विसळतो, पिपेट ऑक्झॅलिकनं विसळतो, तर फ्लास्कही ऑक्झॅलिकनं विसळला तर जास्त चांगलं. म्हणून पुढच्या दोन्ही वेळा तसं केलं.

बाईंनी उत्तर सांगितलं नाही. मला तराजूच्या खोलीत नेलं, कोरडा फ्लास्क तोलायला लावला. मग तोच ऑक्झॅलिकनं विसळून, उलटा धरून, पुरता निथळून पुन्हा तोलायला लावला. वजनांची ती पितळी पेटी, चिमट्यानं उचललेली चिमुकली वजनं, काचेची दारं लावून काटा स्थिर होईपर्यंत श्वास धरून बसणं, सगळं लख्ख आठवतं. फरक आला ०.३ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे फ्लास्कच्या भिंतींना साधारण ०.३ मिली आम्ल चिकटून राहत होतं. माझ्या डोळ्यांना फ्लास्क रिकामा दिसत होता आणि त्यात न मोजलेलं आम्ल होतं. ते खर्ची घालायला तेवढंच कॉस्टिक जास्त लागत होतं.

ब्युरेट आणि पिपेटमध्ये पाणी राहिलं तर द्रावण पातळ होतं, म्हणून ती ज्याच्या त्याच्या द्रावणानं विसळायची. फ्लास्कमध्ये पाणी राहिलं तरी बिघडत नाही, कारण पिपेटनं मोजून टाकलेलं आम्ल तेवढंच राहतं. नियम पाठ होता, पण तो मला त्या ०.३ ग्रॅमनं शिकवला. बाई खोलीतून बाहेर पडताना एवढंच म्हणाल्या, "तू खरे आकडे लिहिलेस म्हणून आपल्याला हे सापडलं. दहा लिहिलं असतंस तर मी बरोबरची खूण करून पुढे गेले असते."

सामूचा आलेख शिकवला तो तास तर मी विसरूच शकत नाही. बाईंनी आधी सोरेनसनची गोष्ट सांगितली. हा डॅनिश रसायनशास्त्रज्ञ कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्ग या बिअर बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायचा आणि त्यानं १९०९ मध्ये ही मोजपट्टी मांडली. मग फळ्यावर लिहिलं: फ्लास्कमध्ये २५ मिली एन बाय टेन हायड्रोक्लोरिक आम्ल, ब्युरेटमध्ये तितकंच तीव्र कॉस्टिक. "लॉग टेबल काढा." पीएच मीटर शाळेत नव्हता, त्यामुळे प्रत्येक रांगेला एक एक आकडा वाटून दिला. सुरुवातीला सामू १. वीस मिली घातल्यावर जेमतेम १.९५. चोवीस मिली घातलं तरी २.७. आमच्या रांगेला २४.९५ आला होता, म्हणजे शेवटाला एक थेंब कमी. आमचं उत्तर आलं ४. मागच्या रांगेला २५.०५, म्हणजे एक थेंब जास्त. त्यांचं उत्तर आलं १०. आम्हाला वाटलं, त्यांचं गणित चुकलं. त्यांना वाटलं, आमचं. दोन्ही रांगांनी वह्या बदलून तपासल्या. दोन्ही बरोबर होती.

चोवीस मिली ओतून सामू पावणेदोननंसुद्धा वाढत नाही आणि मग दोन थेंबांत सहा अंक चढतो. सहा अंक म्हणजे हायड्रोजन आयनांची संहती दहा लाख पटींनी उतरली. बाईंनी आलेख काढला तेव्हा खडू आडवा आडवा गेला आणि एकदम सरळ वर. फिनॉल्फ्थॅलीन ८.२ च्या पुढे गुलाबी होऊ लागतं, मिथिल ऑरेंज हा दुसरा दर्शक ३.१ ते ४.४ मध्ये रंग बदलतो, आणि तरीही या प्रयोगात दोन्ही जवळजवळ एकाच थेंबाला उत्तर देतात, याचं कारण ती उभी रेघ. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाचं तसं नाही. तिथं शेवट ८.७ च्या आसपास येतो आणि मिथिल ऑरेंज फार आधीच फसतं. हे सगळं फळ्यावर दिसत होतं. वर्गात चाळीस मुली होत्या आणि बेल झाली तरी कुणी उठलं नाही.

तो गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला पाहिजे, असा नियम होता. माझा एकदा टिकेना. थेंब टाकला की गुलाबी, मग फिका, मग गेला. मी पुन्हा थेंब टाकायची. मी फ्लास्कवर वाकून त्यावर श्वास सोडत होते. श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात जाऊन आम्ल होतो आणि काठावर आलेला रंग तेवढ्यानंही उतरतो.

पुढे बी.एस्सी. झाले आणि पुण्याजवळच्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत लागले. दुधाची आम्लता मोजायची पद्धत शाळेतलीच. नऊ मिली दूध, फिनॉल्फ्थॅलीन, एन बाय टेन कॉस्टिक. एक मिली कॉस्टिक म्हणजे ०.००९ ग्रॅम लॅक्टिक आम्ल, म्हणून दूध नऊ मिली घेतलं की हिशेब तोंडी होतो. १.४ मिली लागलं तर आम्लता ०.१४ टक्के. गंमत अशी की ताज्या दुधात लॅक्टिक आम्ल जवळजवळ नसतंच. हा आकडा येतो तो केसीन (दुधातलं प्रथिन) आणि फॉस्फेटमुळे. दूध नासायला लागलं की लॅक्टिक आम्ल वर भर घालू लागतं, आणि सामू ४.६ कडे आला की केसीन गोळा होतं. घरी विरजण लावून आपण रोज हेच करतो.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एका छोट्या संस्थेच्या दुधाची आम्लता ०.०९ आली. एवढी कमी म्हणजे संशय येतो की दूध आंबट झालं होतं आणि सोडा टाकून झाकलंय. दूध परत पाठवायची तयारी झाली. परत पाठवलं असतं तर चाळीसेक घरांचे त्या दिवसाचे पैसे गेले असते, शिवाय नाव खराब झालं असतं ते वेगळंच. रीडिंग घेणारा मुलगा नवीन होता. त्यानं सलग तीन वेळा मोजून आकडे जसे आले तसे लिहिले होते: ०.०९, ०.१०, ०.०९. मी त्याला विचारलं, "फ्लास्क कशानं धुतलास?" तो म्हणाला, "मॅडम, सोड्याच्या पाण्यानं. खूप तेलकट होते." नंतर साध्या पाण्यानं विसळायचं राहून गेलं होतं. फ्लास्क स्वच्छ करून पुन्हा मोजलं, ०.१४ आलं. परीक्षानळीत रोझॉलिक आम्लाची चाचणी घेतली. सोडा असता तर गुलाबी-लाल रंग आला असता, तसा आला नाही. दूध घेतलं. मुलाचे आधीचे तीन आकडे मी वहीत खोडू दिले नाहीत, शेजारी कारण लिहायला लावलं.

बाई आता नाहीत, मामाही नाहीत. सुवर्णमहोत्सवानिमित्त आमच्या बॅचनं शाळेला वीस ब्युरेट दिल्या आहेत. त्यांना टेफ्लॉनची तोटी आहे, ती कॉस्टिकनं जाम होत नाही आणि तिला व्हॅसलीनही लागत नाही. पिपेटसाठी रबरी फुगेही आहेत, ते जरूर वापरा. ब्युरेट भरून झाली की वरचं फनेल तेवढं काढून ठेवा, त्याच्या दांडीला एक थेंब लटकलेला असतो.