सव्वा महिन्यानंतरचं

बुधवार, रात्री.

वेचणीचे दिवस, तरी बाळंतिणी माहेराहून परत येऊ लागल्या आहेत. बाळंतपणानंतर नवरा-बायकोने पुन्हा जवळ येण्याआधी इकडे सव्वा महिना मोजतात. आशाताईची नवजात बाळासाठीची शेवटची घरभेट ४२ व्या दिवशी असते. दोन्ही हिशेब जवळपास जुळतात, आणि तो योगायोग नसावा. वार सुटते तिथे गर्भाशयात आतून जखम असते. अंगावरून जाणं ४ ते ६ आठवडे चालतं, तोवर जंतू सहज वर चढतात. खालच्या टाक्यांची वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत मिळून येते, आतला स्नायू मागे राहतो. सिझर झालेल्या बाईलाही अंगावरून जातंच. तिच्या पोटावर भार नको, एवढं तिचं वेगळं.

पण सव्वा महिना म्हणजे परवानगी नव्हे. दिवस भरले, टाके सुकले, मग दुखतं कशाला, असं नवऱ्याला वाटतं. अनेकदा कारण दूध असतं. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी राहतं, त्यामुळे योनीमार्ग कोरडा आणि आतलं अस्तर नाजूक होतं. मन असलं तरी ओल येत नाही. हिला आता नवरा नकोसा झाला, असा अर्थ घरात काढला जातो, तो साफ चुकीचा. 'होईल सवय' हा सल्ला तर त्याहून वाईट. एकदा दुखलं की पुढच्या वेळी अंग आपोआप आवळतं, आणि आवळलं की जास्तच दुखतं.

उपाय साधा आहे. मेडिकलमध्ये पाण्याचा आधार असलेली जेल मिळते. ती सढळ हाताने दोघांनीही लावावी, वाळली की पुन्हा. घरातलं खोबरेल निरोधसोबत मुळीच नको, तेलाने रबर काही मिनिटांत कमजोर होऊन फाटतं. आधी बाईने स्वच्छ हाताने, जेल लावून, स्वतःचं एक बोट घालून पाहावं. जळजळलं, टोचलं तर आणखी थांबावं. तोवर जवळ घेणं, हात फिरवणं आहेच, त्याला कोणी बंदी घातलेली नाही. पुढे कुशीवर किंवा बाई वर असली तर किती आणि केव्हा हे तिच्या हातात राहतं. बाळाला पाजून झाल्यावरची वेळ बरी, छाती हलकी असते. ऐन वेळी दूध सुटलं तर घाबरू नये. पान्हा सोडणारं ऑक्सिटोसिन तेव्हाही वाढतं. उशाशी फडकं ठेवलं की झालं.

आता जिथे सगळ्यात जास्त फसगत होते ते. 'पाळी आली नाही, म्हणजे दिवस राहणार नाहीत.' बीज पाळीच्या आधी सुटतं, म्हणून पाळी न येताच दिवस राहू शकतात. दुधावर भरवसा ठेवायचा तर तिन्ही अटी हव्यात: बाळ ६ महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि रात्रीसुद्धा फक्त अंगावरचंच दूध. वरचं दूध सुरू झालं की भरवसा संपला. दिवस न राहण्यासाठीची छाया गोळी दूध पाजतानाही चालते: पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. अंतरा इंजेक्शन पाजणाऱ्या बाईला ६ आठवड्यांनंतर, दर ३ महिन्यांनी. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांत, नाहीतर ६ आठवड्यांनी. माला-एन ही रोजची गोळी मात्र पाजणाऱ्या बाईला पहिले ६ महिने नको. निरोध आशाताईकडे मिळतो. पुरुष मागायला लाजतात, म्हणून तेही काम बाईच्याच गळ्यात पडतं.

जागेची अडचण खरी आहे. सासू बाळाजवळ, सासरे सपरीत, नवरा रानडुकरांमुळे जागलीला. दुपारी घर मोकळं असलं तर दुपार धरावी. आणि झोपेवाचून बाई मोडली असेल, तर त्या रात्री नवऱ्याने बाळ घेऊन तिला झोपू द्यावं. इच्छा परतायला हे औषधापेक्षा लवकर लागू पडतं.

ताप, घाण वास, थांबलेलं रक्त पुन्हा जोरात सुरू होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. जेल लावूनही तीन महिन्यांनंतर दुखतच असेल, तर ग्रामीण रुग्णालयात टाक्याचा व्रण दाखवावा. कधी तो आखडलेला असतो, कधी तिथे गाठ धरलेली असते, आणि दोन्हींवर इलाज आहे.